तीन डोळे, दोन पट्ट्या

१

घाटंजीच्या डोळ्यांच्या इस्पितळात माघातल्या शिबिरात तीन माणसांचा एकेक डोळा गेला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या सोडल्या, तेव्हा बाकीच्या खाटांवर आनंद होता. कुणी समोरच्याची बोटं मोजून दाखवत होतं, कुणी भिंतीवरच्या कॅलेंडरातला चिंतामणी गणपती ओळखत होतं. या तिघांच्या पट्टीखाली मात्र पू निघाला. नागपूरला हलवेपर्यंत डोळ्यात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अनघा पांढरीपांडे यांना हे कळलं ते फोनवर. त्या यवतमाळच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. निवृत्ती जवळ आलेली, गुडघे बोलायला लागलेले, वर्गात पोरं कमी आणि कॉलेजच्या भानगडी जास्त. घाटंजीच्या इस्पितळासाठी त्या वर्षानुवर्षं एक काम फुकट करत होत्या. अवजारं निर्जंतुक करायच्या द्रावणाची तपासणी, त्यात बुडवलेल्या कागदाच्या पट्टीवरून.

फोनवर इस्पितळाच्या ट्रस्टचे सेक्रेटरी पुंडलिकराव होते.

"मॅडम, तुमचा रिपोर्ट होता म्हणून अब्रू वाचली पहा. सोल्युशन चांगलं होतं हे तुमच्या सहीनं सिद्ध झालं. मंग दोष कोणाचा? साधना सिस्टरचा. तिनं अवजारं बुडवलीच नसतीन. नुसती पुसून डॉक्टरच्या हातात देल्ली असतीन. कामावरून काढलं तिले. आता पोलिसात देऊन राह्यलो."

"पण पुंडलिकराव, मी फक्त पट्टी तपासली होती..."

"तेच तं! पट्टी पास, म्हणजे सोल्युशन पास. सोल्युशन पास, म्हणजे बाई नापास." आणि त्यांनी फोन ठेवला.

अनघाताईंनी रिपोर्टची आपल्याकडची प्रत काढून खालची सही पाहिली. आपली सही कुणाच्या तरी मानेवर सुरीसारखी फिरेल असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या प्रयोगशाळेचं कुलूप काढायला गेल्या, तर पायरीवर एक बाई बसलेली. पांढरी साडी, पदर डोक्यावरून घेतलेला, हात साबणानं आणि औषधांनी सोलवटलेले. ऑपरेशन थिएटरची नर्स साधना खोब्रागडे.

"मॅडम, मी रडाले नाही आली," ती उठून म्हणाली. "एकच विचारतो. त्या पट्ट्या तुमच्यापाशी हायेत का अजून?"

"दोन्ही आहेत. नळीतच."

"मंग त्याईलेच विचारा. अवजारं बुडवली का नाही, हे मी सांगून कोणी आयकत नाही. पट्टी तं अवजारांच्या संगंच होती ना?"

२

पट्टीचं काम असं. अवजारं द्रावणात बुडवताना त्यांच्यासोबत कागदाची एक छोटी पट्टी बुडवायची. पट्टीवर निरुपद्रवी जिवाणूंचे बीजाणू वाळवून बसवलेले असतात. बीजाणू म्हणजे जिवाणूनं वाईट दिवसांसाठी स्वतःला कवचात मिटून घेतलेलं रूप. तो उकळत्या पाण्यालाही लवकर दाद देत नाही. एवढा चिवट जीव मेला, तर अवजारांवरचं बाकी सगळं मेलंच, असा हिशेब. पट्टी नंतर पोषक रसाच्या नळीत टाकून उबेत ठेवायची. रस गढूळ झाला तर जीव वाचला, नितळ राहिला तर मेला.

माघातल्या शिबिराच्या दोन्ही नळ्या नितळ होत्या. अनघाताईंनी तसं लिहून दिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. बीजाणू मेलेच होते. कसे मेले, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही पाहिलं नव्हतं.

त्यांनी पट्टीवरचा अंश काचेवर घेतला, निळा रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थिएटरातल्या त्या द्रावणात मेलेले बीजाणू कसे दिसतात हे त्यांना पाठ होतं. ते द्रावण कवच तोडत नाही. चांभार कातडं कमावतो तसं ते कवच कमावून टणक करतं आणि जीव आतल्या आत कोंडून मारतं. त्यामुळे असा मेलेला बीजाणू बाहेरून जिवंतासारखाच दिसतो. गुळगुळीत, चकचकीत. न तापवलेल्या रंगाचा थेंबही आत घेत नाही.

इथं समोर गडद निळे ठिपके होते. रंग थेट आतपर्यंत गेलेला. कडा कुरतडलेल्या. कापूस ओरबाडून नेल्यावर झाडावर उरलेल्या बोंडासारखे.

"काय झालं मॅडम?" साधनानं विचारलं.

"कोपऱ्यावर अंडी मिळतात. एक घेऊन ये."

साधना काही न विचारता गेली आणि गावरान अंडं घेऊन आली. अनघाताईंनी त्याचा पांढरा भाग पाण्यात कालवला.

"यात जिवाणूची भिंत विरघळवणारं एक द्रव्य असतं," त्या म्हणाल्या. "पण बीजाणूचं कवच धड असेल, तर ते आत शिरूच शकत नाही. घर शाबूत असलं की चोर बाहेर. आता बघू, या घरांना दारं आहेत का."

थेंब सोडला. थोड्या वेळानं काचेवरचे कितीतरी ठिपके फिकट होत गेले आणि पुसले गेल्यासारखे नाहीसे झाले. सगळे मात्र नाही. साधारण निम्मे तसेच चिवटपणे बसून राहिले. ते त्यांना विचित्र वाटलं, पण तेव्हा तिकडे लक्ष द्यायला उसंत नव्हती.

"साधना, या पट्ट्या ब्लीचमध्ये होत्या. क्लोरीनशिवाय कवच असं सोलून निघत नाही."

"ब्लीच?" साधना ताडकन उठली. "मॅडम, माह्या थिएटरात ब्लीचचा थेंब नाही येऊ देत मी. डोळ्याची अवजारं केसावानी बारीक. एक डाव ब्लीच लागलं का गंज धरते."

"म्हणजे पट्टी तुझ्या ट्रेमधून निघाल्यावर कुणीतरी ती बुडवली. तुझ्या हातातून ती कुठं जाते?"

"डॉक्टर सायबांच्या टेबलावर ठेवतो. संध्याकाळी सलील, आमचा लॅबवाला, तिथून उचलते, पाकीट बंद करते, आन् सकाळच्या एसटीनं तुमच्याकडं."

"तीन हात. सलीलचे, डॉक्टरांचे आणि तुझे."

साधनाच्या आधी लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे मी आणखीनच फसली ना, मॅडम? पुंडलिकराव म्हनतीन, अवजारं बुडवली नाहीत ते झाकाले तिनंच पट्टी ब्लीचात मारली."

अनघाताईंना तिला धीर द्यायचा होता. पण तिचं म्हणणं बरोबर होतं.

३

फाल्गुनाचं ऊन. घाटंजीच्या रस्त्याला पळस पेटलेला. एरवी या दिवसांत जिनिंगची यंत्रं गर्जत असत आणि कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडलेला असे. या वर्षी एसटी न थांबता गावात शिरली. बाजूच्या जिनिंगच्या आवारात कुत्री झोपली होती. ज्यांच्या देणगीवर इस्पितळ चालायचं त्यांचीच ही आवारं.

पुंडलिकरावांनी अनघाताईंना चहा पाजला आणि विषय निघताच हात जोडले.

"मॅडम, कायले खोलात जाता? एक बाई गेली तं दुसरी नर्स भेटते. ट्रस्ट बुडाला तं दुसरा ट्रस्ट नाही भेटत."

"मला त्या दिवशीच्या द्रावणाची एक बाटली द्या. आणि सलीलची खोली दाखवा."

द्रावणाचा कॅन चौकशीसाठी कपाटात बंद होता. पुंडलिकरावांनी कुरकुरत बाटली भरून दिली. सलीलची लॅब म्हणजे जिन्याखालची एक कोंदट खोली. सलील तिशीचा, किडकिडीत, बोलताना सारखा दाराकडे बघणारा. टेबलाखाली प्लास्टिकची बरणी होती. रक्ताच्या वापरलेल्या नळ्या टाकायची, ब्लीचची.

"हे ब्लीच तुझंच ना?" अनघाताईंनी विचारलं.

त्याला घाम फुटला. "हो मॅडम. पण ते पट्ट्यांशी... मी पट्टीला हातसुद्धा लावत नाही. पाकीट चिकटवतो फक्त."

"पट्ट्यांचं मी काही विचारलंच नाही अजून."

"साधना सिस्टरनं फोन केला होता," तो कसाबसा म्हणाला. "तिनं सांगितलं, तुम्ही ब्लीचचा शोध घेता आहात. तेव्हापासून झोप नाही मला. अख्ख्या इस्पितळात ब्लीचची बरणी माझ्याकडेच आहे."

खिडकीबाहेर पळसाची फांदी वाकली होती. हात घालून अनघाताईंनी एक फूल तोडलं आणि पाकळी बरणीत बुडवली. सलील डोळे फाडून पाहत राहिला. त्यांनी वाट पाहिली. पाकळी तशीच राहिली. केशरी, टवटवीत.

"हे कधीचं आहे?"

"दिवाळीच्या आधीचं," सलील खाली मान घालून म्हणाला. "नवीन मागितलं, आलंच नाही. हेच वापरून राहिलो."

दिवाळीपासून जिन्याखालच्या उकाड्यात उघडं पडलेलं ब्लीच. त्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेला होता. ज्याला फुलाचा रंग उतरवता येत नाही, ते बीजाणूचं कवच काय सोलणार!

"पोरा, तुझ्या लॅबचा कारभार गलिच्छ आहे," अनघाताई म्हणाल्या. "पण या गलिच्छपणानंच तुला वाचवलं."

बाहेर संडासाशेजारी उकंडा नावाचा सफाई कामगार विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरीचं पोतं झाकत होता. अनघाताईंनी तेही चिमटीत घेऊन पाहिलं. ताजं होतं, पण त्यात चुना भरपूर. ते लागलं असतं तर पट्टीच्या कागदावर चुन्याचे कण सापडले असते. त्यांनी पट्टी बारकाईनं पाहिली होती. कागद स्वच्छ होता.

मग कडक, ताजं, स्वच्छ ब्लीच इथं होतं तरी कुणाकडे?

४

वॉर्डात एकच रोगी उरली होती. भुरीबाई, जवळच्या बंजारा तांड्यावरची. डावा डोळा काढून टाकलेला, उजव्यात पिकलेला मोतीबिंदू. नागपूरहून आणल्यावर तिला घरी न्यायला कुणी आलं नव्हतं.

"कोन हाय?" पावलांचा आवाज ऐकून तिनं विचारलं.

"मी यवतमाळची. तपासणी करते."

"साधना नाही का?" भुरीबाई उठून बसली. "चार दिस झाले, तिचा आवाज नाही आला. थे असली का बरं वाट्टे. आपरेशनच्या टायमाले माहा हात धरून होती. म्हने, याडी, माये, हलू नोको."

"ती अवजारं कशी देत होती, काही आठवतं?"

"मले दिसते का बाप्पा? आयकू येत होतं. दर खेपी पान्यात अवजार पडल्याचा आवाज. डाक्तर म्हने, लवकर दे वो, बाहेर लाईन लागली. थे म्हने, नाही साहेब, टाइम झाल्याबिगर नाही देत. दोघाईचं भांडन लागे त्याच्यावरून."

अनघाताईंनी मान हलवली, आणि लगेच लक्षात आलं की हिला ते दिसत नाही. ही साक्ष चौकशीत कोण धरणार? आंधळ्या बाईनं ऐकलेला आवाज!

"घरी कोणी नाही का?"

"माहा मानूस होता. डोंगरसिंग. त्याले दोन्ही डोयानं दिसत नव्हतं. सरावनात त्याचा नंबर लागला होता शिबिरात. मंग म्हनलं, शिबिर बंद. काहून बंद, तं यवतमाळहून कोनी कागद पाठोला का औषद खराब हाय. आमी वापस गेलो. आठ दिसात थो वावरातल्या विहिरीत गेला. काठच नाही दिसला त्याले."

तिनं हे शांतपणे सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. अनघाताई खाटेच्या कडेवर बसल्या. श्रावणात त्यांच्याकडे आलेली नळी गढूळ झाली होती. तो कागद त्यांनीच पाठवला होता. योग्य होता तो. आजही त्यांनी तोच लिहिला असता.

पण त्यांना ते भुरीबाईला सांगता आलं नाही.

५

डॉक्टर नंदकिशोर देशकर आपल्या खोलीत जेवण उघडून बसले होते, पण जेवत नव्हते. साठीचे, विधुर, इस्पितळाच्या मागच्या क्वार्टरमध्ये एकटेच राहणारे. नागपूरची प्रॅक्टिस सोडून आले त्याला जमाना झाला. या तालुक्यात त्यांच्या हातून दिसायला लागलेली माणसं गावोगाव होती.

"या अनघाताई. तुमचेही केस पांढरे झाले की."

"तुम्ही कुठं काळे राहिलात?"

दोघं थोडं हसले. मग हसणं संपलं. अनघाताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. वॉर्डातल्या चादरी पिवळट, पडदे राखाडी, साधनाच्या साडीलासुद्धा इथल्या जड पाण्याची छटा चढलेली. डॉक्टरांचा कोट मात्र बगळ्याच्या पंखासारखा पांढरा.

"कोट कोण धुतं?" त्यांनी सहज विचारलं.

"मीच. बायको गेल्यापासून. तिला डाग चालायचा नाही." डॉक्टरांनी डबा झाकला. त्यांच्या तपकिरी पँटवर मांडीपाशी फिकट शिंतोडे उडाले होते, रंग उडून गेलेले. "कुणी काही म्हणो, डॉक्टरचा कोट पाहून रोग्याला धीर येतो."

"साधनाबद्दल काय म्हणता?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. "चांगली मुलगी आहे. पण थकलेला हात चुकतो. आपण सगळेच थकलो आहोत."

"तिनं तुम्हाला अवजारं लवकर द्यायला नकार दिला होता. भुरीबाईनं ऐकलं."

"असेल," डॉक्टर म्हणाले. "आठवत नाही."

ते खोटं बोलत आहेत हे अनघाताईंना कळलं. का, हे कळत नव्हतं. परतीच्या गाडीत त्यांनी डोळे मिटले, पण तो पांढरा कोट समोरून जाईना.

६

निम्म्या बीजाणूंचं कोडं आता सोडवायलाच हवं होतं. प्रयोगशाळेत त्यांनी कोऱ्या पट्ट्या काढल्या आणि साधनाला बोलावून घेतलं.

पहिली पट्टी त्यांनी नुसत्या ताज्या ब्लीचमध्ये बुडवली. अंड्याचं पाणी सोडताच जवळजवळ सगळे बीजाणू विरघळले. कवचांचा मागमूस राहिला नाही.

दुसरी त्यांनी इस्पितळातून आणलेल्या द्रावणात हवा तितका वेळ ठेवली आणि तशीच रसाच्या नळीत टाकली. दोन दिवसांत नळी गढूळ झाली. द्रावण निकामी होतं. एकदा तयार केलं की ते ठरावीक मुदतीतच टाकून द्यावं लागतं. हे मुदत उलटून कितीतरी दिवस वापरलेलं असणार.

तिसरी पट्टी त्यांनी आधी त्या म्हाताऱ्या द्रावणात आणि मग ब्लीचमध्ये बुडवली. अंड्याचं पाणी सोडलं. निम्मे बीजाणू गेले, निम्मे राहिले. शिबिराच्या पट्टीवर होतं तस्संच.

अनघाताईंनी साधनाला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"द्रावण म्हातारं होतं, मारायची ताकद गेली होती. पण थोडी कमावायची ताकद शिल्लक होती. त्यानं काही कवचं टणक केली. मग ब्लीच आलं, तेव्हा कच्ची कवचं सोलली गेली, टणक झालेली टिकली. नुसत्या ब्लीचनं असं होत नाही. म्हणजे शिबिरातली पट्टी आधी द्रावणात होती, पुरेसा वेळ होती. तू अवजारं बुडवली होतीस, साधना."

साधनानं डोळा काढला नाही. तिचे खांदे मात्र हलायला लागले. पहिल्या दिवशी न आलेलं रडू आता आलं.

"मंग ब्लीचात कोनी टाकलं?" तिनं पदरानं तोंड पुसत विचारलं. "मीच टाकली असं म्हनतीन का अजून?"

"तू कशाला टाकशील? तुला द्रावण चांगलं वाटत होतं. पट्टी आपोआप पास होईल असाच तुझा विश्वास होता. पट्टी मारायची गरज कुणाला? ज्याला माहीत होतं की हे द्रावण मेलेलं आहे आणि पट्टी माझ्याकडे आली की गढूळ होणार. कॅन बदलायचा की नाही हे कोण ठरवतं?"

नाव साधनाच्या जिभेवर येईना.

"नवा कॅन आला म्हनून सायबांनी सांगितलं होतं मले," ती हळूच म्हणाली. "कॅन तं नवाच होता. आत जुनंच ओतलं होतं का मंग?"

७

"कोट ब्लीचशिवाय असा पांढरा होत नाही," अनघाताई म्हणाल्या. "आणि पँटवरचे डाग ब्लीचचेच आहेत. तुमच्या न्हाणीघरात बाटली असेल. मी शोधणार नाही, डॉक्टर. तुम्हीच सांगा."

क्वार्टरच्या ओसरीवर दुपारची उष्ण हवा फिरत होती. डॉक्टर देशकर आरामखुर्चीत मागे रेलले. त्यांनी नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. उलट ओझं उतरवावं तसा श्वास सोडला.

"पट्टीवरून कळलं?"

"पट्टीवरून."

"मला वाटलं होतं, मेलेला बीजाणू काय बोलणार." ते थांबले. "श्रावणात तुमचा कागद आला. मी शिबिर थांबवलं. नवं द्रावण मागितलं. जिनिंगवाले म्हणाले, कापसाचंच मढं झालंय, देणगी कुठून आणायची. आणि मग त्या डोंगरसिंगला विहिरीतून काढलं. अनघाताई, मी त्याला तपासलं होतं. त्याचे दोन्ही डोळे पंधरा मिनिटांचं काम होतं. माझ्या हातात होतं ते, आणि मी त्याला परत पाठवला."

"म्हणून जुनंच वापरलंत."

"इतकी ऑपरेशनं केली, सहसा काही होत नाही. शंभरात एखाद्याला होईल, शंभर जण विहिरीत तर पडणार नाहीत. असा हिशेब केला. वेडेपणा म्हणा."

"साधनाला का नाही सांगितलं?"

"तिनं थिएटरला कुलूप लावलं असतं."

"बरोबर केलं असतं तिनं."

"हो." डॉक्टरांनी डोळ्यांवर हात ठेवला. "तिच्यावर मी नाही ढकललं. पुंडलिकरावांनी ढकललं. मी फक्त गप्प बसलो."

"त्यात फरक आहे का?"

शेजारच्या कडुनिंबाची पानं ओसरीत गळत होती.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "पण मी गेलो तर इथं कोण येणार, सांगा ना. ही दारं बंद होतील. ही माणसं कुठं जातील?"

अनघाताईंना त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही. या माणसाचं दुःख खरं होतं, आणि त्यानं केलेला अन्यायही तितकाच खरा होता. दोहोंपैकी एक खोटं ठरलं असतं तर किती सोपं झालं असतं!

त्या उठल्या. "उद्या चौकशी समितीची बैठक आहे. माझा नवा अहवाल माझ्या पिशवीत असेल. पण साधनाचं नाव तुमच्या तोंडून धुतलं जावं, असं मला वाटतं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर देशकर बैठकीत उभे राहिले. सगळं सांगितलं, काही न झाकता. पुंडलिकराव "असं कसं, असं कसं" म्हणत राहिले. सलीलनं मान वर केली नाही. साधना दाराशी उभी होती. डॉक्टर तिच्यासमोर हात जोडून थांबले, तेव्हा तिनं हात जोडले नाहीत. "तुमाले माफ कराले मले टाइम लागन, साहेब," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांवर खटला झाला. इस्पितळाला कुलूप लागलं. त्यांची भीती खरीच होती. साधनावरची तक्रार मागे घेतली गेली, पण परत रुजू व्हायला जागा कुठं होती? उन्हाळा सरता सरता तिला यवतमाळच्या एका दवाखान्यात काम लागलं. पहिल्या सुट्टीला ती अनघाताईंकडे आली.

"भुरीबाईचा उजवा डोळा राह्यला, मॅडम. तांड्यावर एकटी पडून हाय. नागपूरले घेऊन जाऊ का?"

भुरीबाई ऐकेना. एक डोळा गेला, दुसराही घालवू का, म्हणाली. साधनानं तिची समजूत घातली ती एकाच गोष्टीनं: मी आत येतो तुह्या संगं. नागपूरच्या मोठ्या इस्पितळात तिनं तिथल्या लोकांना गाठलं, द्रावण कधी तयार केलं ते विचारलं, पट्टी कोण तपासतं ते विचारलं. त्यांना राग आला. मग त्यांनी दाखवलं. तेव्हा कुठं ती भुरीबाईचा हात धरून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. भुरीबाईनं डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. बराच वेळ ती समोर वाकलेल्या साधनाच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"आवाज तं तुहाच हाय," ती म्हणाली. "मले वाटलं होतं तू माह्यासारखी म्हातारी असशीन. पोरगीच हायेस वो तू."

साधना हसली, आणि हसता हसता तोंड फिरवून उभी राहिली.

अनघाताई मागे भिंतीला टेकून होत्या. श्रावणातल्या त्या कागदाचं आज सांगावं, असं त्या रात्रभर घोकत आल्या होत्या. शब्दही जुळवले होते. भुरीबाईची नजर खोलीभर फिरून त्यांच्यावर थांबली, तशा त्या पुढे झाल्या.

"भुरीबाई, तुमच्या डोंगरसिंगचं मला..."

"आधी बसा तं खरं," भुरीबाई खाटेवर सरकून जागा करत म्हणाली. "उभ्या काहून बाई? लय थकल्या दिसून राह्यल्या तुमी."